मोटारशर्यतीची शिडी

मोटारींच्या शर्यती आणि आमचे झरी जामणी यांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न मथळा वाचून कोणाच्याही मनात येईल. पैनगंगेच्या अलीकडचा हा कपाशीचा तालुका. कोलाम, गोंड, परधान यांच्या वस्त्या. पाटण, मुकुटबन, माथार्जुन अशी गावे. आणि सीमेपलीकडे तेलंगण. शर्यतीची मोटार येथे कोणी डोळ्यांनी पाहिली असण्याचा संभव कमीच. परंतु म्हणून वेगाची पारख आपल्याला नाही, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या वऱ्हाडात पिके घरी आली की शंकरपट भरतात. हलका छकडा, त्याला जुंपलेली जोडी, वर धुरकरी, आणि सेकंदाच्या भागापर्यंत मोजलेली वेळ. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने हे पट बंद पडले. २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून त्यांना पुन्हा परवानगी मिळाली, आणि २०२३ साली राज्याचा त्यासंबंधीचा कायदाही न्यायालयाने ग्राह्य धरला. पट पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागत नाही. पटाची जोडी पटाच्या दिवशी तयार होत नसते. गोऱ्हा असतानाच त्याची चाल हेरावी लागते, खुराक सांभाळावा लागतो, जोडीदार जुळवावा लागतो, धुरकऱ्याच्या आवाजाची सवय लावावी लागते. लोकांना दिसते ती घटकाभराचीही नव्हे, काही सेकंदांची धाव. तिच्यामागची तीन-चार वर्षे कोणाला दिसत नाहीत.

मोटारशर्यतीचेही अगदी असेच आहे. फॉर्म्युला वन नावाची जी जगातली सर्वांत वरची शर्यत, ती दूरदर्शनच्या पडद्यावर पाहणाऱ्याला वाटते की हा सगळा धाडसाचा आणि इंजिनाचा खेळ आहे. पाय जोरात दाबला की झाले! वास्तविक तेथे पोहोचणारा माणूस दहा-बारा वर्षे एक लांबलचक शिडी चढून आलेला असतो, आणि त्या शिडीची पहिली पायरी असते कार्ट. ही शिडी कशी आहे, तिच्यावर आपल्या महाराष्ट्रातला एक मुलगा कुठवर चढला, आणि त्याच्या चढण्यातून आपल्यासारख्यांनी काय घ्यावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. त्या मुलाचे नाव जेहान दारूवाला. मुंबईच्या एका उद्योजक पारशी कुटुंबात १ ऑक्टोबर १९९८ रोजी त्याचा जन्म झाला.

प्रथम कार्ट म्हणजे काय ते पाहू. १९५६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, आर्ट इंगल्स नावाच्या एका कारागिराने लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा जोडला, त्याला चार लहान चाके लावली आणि गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन त्यावर बसवले. हेच पहिले कार्ट. त्याला ना टप, ना दारे, ना स्प्रिंगा. बसणारा जमिनीपासून चार बोटांवर बसतो. आजची कार्ट अर्थातच पुष्कळ सुधारलेली आहेत आणि पोरसवदा मुलांची कार्टसुद्धा तासाला शंभर किलोमीटरच्या आसपास वेग घेतात. पण मूळ रचना तीच राहिली आहे.

या साध्या गाडीत असे काय आहे, की जगातले बहुतेक सगळे मोठे शर्यतपटू तिच्यातूनच निघावेत? याचे उत्तर आपल्या बैलगाडीच्या आखापाशी सापडते. बैलगाडीचा आख स्थिर असतो आणि दोन्ही चाके त्याच्यावर आपापली फिरतात. म्हणून गाडी वळवली की बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी, आणि गाडी सुखाने वळते. ट्रॅक्टरमध्ये आणि मोटारीत हेच काम डिफरन्शिअल करते. कार्टमध्ये यांपैकी काहीच नाही. मागची दोन्ही चाके एकाच आसाला पक्की आवळलेली. एक फिरेल तेवढेच दुसरे फिरणार. मग असली गाडी वळायची कशी? तर वळणावर आतले मागचे चाक जमिनीवरून किंचित उचलले गेले पाहिजे. स्टिअरिंगच्या रचनेमुळे, सांगाड्याच्या लवचीकपणामुळे आणि चालवणाऱ्याच्या अंगाच्या भारामुळे ते उचलले जाते. थोडे उशिरा उचलले तर कार्ट सरळच जाऊ पाहते. जास्त वेळ उचललेले राहिले तर मागून घसरते. सात-आठ वर्षांच्या पोराला हे पुस्तकातून शिकवता येत नाही. ते त्याच्या पाठीला, कमरेला आणि तळहातांना कळावे लागते. स्प्रिंगा नसल्यामुळे जमिनीचा प्रत्येक निरोप थेट त्याच्या हाडांपर्यंत येतो. कार्ट म्हणजे अशी ही शाळा आहे.

शंकरपट आणि मोटारशर्यत यांत फरक आहे तोही येथेच. पट सरळ धावतो. मोटारशर्यत वळणावर जिंकली जाते. सरळ रस्त्यावर वेगाने जाणे कोणालाही जमते, ते काम इंजिन करते. वळणाआधी नेमका कोठे ब्रेक लावायचा, किती दाबायचा आणि कोणत्या क्षणी सोडायचा, वळणाच्या आतल्या कडेला कोठे स्पर्श करायचा आणि बाहेर पडताना कधी वेग द्यायचा, यात सगळी विद्या आहे. नवशिका मुलगा वळणात फार वेगाने शिरतो आणि बाहेर पडताना अडखळतो. शिकलेला मुलगा आत शिरताना थोडा धीर धरतो, आणि त्याचा फायदा त्याला पुढच्या सबंध सरळ पट्ट्यावर मिळतो. चांगला शिक्षक म्हणूनच मुलाला आधी थांबायला शिकवतो, पळायला मागाहून.

जेहानचा आरंभ कार्टमध्येच झाला. मुंबईतील नावाजलेले कार्टिंगपटू रेयोमंड बनाजी हे त्याचे आरंभीचे मार्गदर्शक. त्याच्या आयुष्याला वळण मिळाले ते २०११ साली. त्या वर्षी भारतात एक मोठी घटना घडत होती. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे बुद्ध आंतरराष्ट्रीय ट्रॅक बांधून तयार झाला होता आणि ३० ऑक्टोबर रोजी तेथे भारताची पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. भारतीय मालकीचा फोर्स इंडिया हा संघ तेव्हा जागतिक शर्यतीत उतरत असे. या संघाने देशातील होतकरू मुले शोधण्यासाठी एक मोहीम काढली. ‘अब्जातून एक’ अशा अर्थाचे तिचे इंग्रजी नाव होते. निरनिराळ्या शहरांत चाचण्या झाल्या आणि अखेर तिघांची निवड झाली. बंगळूरचा अर्जुन मैनी, तरुण रेड्डी आणि मुंबईचा जेहान. जेहान तेव्हा तेराव्या वर्षात होता.

निवडलेल्या मुलांना पुढील शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये कार्ट चालवण्याची संधी मिळाली. घरच्या अंगणातला पहिलवान आणि परमुलखातला पहिलवान यांत अंतर असते, हे कुस्तीच्या शौकिनांना ठाऊक आहे. इंग्लंड आणि इटली ही कार्टिंगची तालमीची ठिकाणे. तेथे पावसात, थंडीत, ओल्या निसरड्या ट्रॅकवर, आठवड्यामागून आठवडे, आपल्याहून अधिक सराव झालेल्या मुलांशी झुंजावे लागते. जेहान तेथे टिकला. नुसता टिकला नाही, तर २०१३ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेत कनिष्ठ गटाचे विजेतेपद त्याने मिळवले.

आता शिडीच्या पुढच्या पायऱ्या. कार्टमधून मुलगा एकेरी आसनाच्या मोटारीत जातो. सर्वांत खाली फॉर्म्युला फोर. तेथे पंधरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय प्रवेश नाही. मग फॉर्म्युला थ्री, मग फॉर्म्युला टू, आणि सर्वांत वर फॉर्म्युला वन. वरच्या पायरीवर पाय ठेवण्यासाठी ‘सुपर लायसन्स’ नावाचा एक परवाना लागतो. २०१५ साली मॅक्स व्हर्स्टापेन हा मुलगा सतराव्या वर्षीच फॉर्म्युला वनमध्ये उतरला, त्यानंतर नियम कडक झाले. वय सर्वसाधारणपणे निदान अठरा वर्षे हवे, आणि खालच्या पायऱ्यांवरच्या कामगिरीबद्दल मिळणारे गुण तीन हंगामांत चाळीस तरी भरले पाहिजेत. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत आलेल्याला हे चाळीस गुण एकाच वर्षात मिळतात. खाली उतरत जावे तसे ते झपाट्याने कमी होतात. थोडक्यात, ही परीक्षा आहे आणि तिच्यात नुसते उत्तीर्ण होऊन भागत नाही, पहिल्या वर्गात यावे लागते.

२०१५ पासून जेहान मोटारीत बसू लागला. २०१६ च्या आरंभी न्यूझीलंडमध्ये टोयोटा मालिकेच्या शर्यती झाल्या. तेथे पहिला आला लँडो नॉरिस नावाचा इंग्रज मुलगा, दुसरा आला जेहान. हे नाव लक्षात ठेवावे, कारण हाच नॉरिस २०२५ साली फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. २०१७ साली युरोपच्या फॉर्म्युला थ्रीमध्ये हे दोघे एकाच संघात, कार्लिन संघात होते. नॉरिसने ती स्पर्धा जिंकली. जेहानने जर्मनीतील नोरिसरिंग येथे एक शर्यत जिंकली, पण एकंदर क्रमवारीत तो मागे राहिला. २०१९ साली मात्र तो प्रेमा या इटालियन संघातर्फे आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला थ्रीमध्ये उतरला, दोन शर्यती जिंकला आणि वर्षाअखेर तिसरा आला. पहिला रशियन रॉबर्ट श्वार्त्झमन, दुसरा न्यूझीलंडचा मार्कस आर्मस्ट्राँग, तिसरा आपला जेहान. तिघेही एकाच संघाचे.

येथवरची हकीकत एखाद्या सुफळ संपूर्ण कहाणीसारखी वाटते. पुढची तशी नाही, आणि म्हणूनच ती अधिक लक्ष देऊन वाचावी अशी माझी विनंती आहे.

२०२० साली रेड बुल या बलाढ्य संघाने जेहानला आपल्या उमेदवार मुलांच्या पथकात घेतले आणि तो फॉर्म्युला टूमध्ये आला, पुन्हा कार्लिन संघात. त्याचा जोडीदार होता जपानचा युकी त्सुनोदा. तोही रेड बुलचाच उमेदवार. फॉर्म्युला टूमध्ये सर्वांच्या गाड्या एकाच बनावटीच्या असतात, इटलीच्या दलारा कंपनीच्या. इंजिनही सर्वांना सारखेच. तेव्हा गाडीच्या नावाने बोटे मोडायला तेथे जागा नसते. फरक पडतो तो चालवणाऱ्याचा, त्याच्या मेकॅनिकांचा आणि टायर सांभाळण्याच्या कौशल्याचा. तो हंगाम जेहानला जड गेला. वर्षभर विजय हाती आला नाही. अखेरच्या शर्यतीत, ६ डिसेंबर २०२० रोजी, बाहरीनमधील साखीर येथे तो जिंकला. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. बक्षीस घेण्याच्या ओट्यावर तो उभा असताना भारताचे राष्ट्रगीत वाजले. परंतु वर्षाच्या हिशेबात तो बारावा होता आणि त्याचा जोडीदार त्सुनोदा तिसरा. २०२१ साली त्सुनोदा फॉर्म्युला वनमध्ये गेला. जेहान त्याच पायरीवर राहिला.

२०२१ साली तो सातवा आला. २०२२ साली प्रेमा संघातून पुन्हा सातवाच. मात्र त्या वर्षी इटलीत मोंझा येथील मुख्य शर्यत त्याने जिंकली. या विजयाचे मोल जाणकार साखीरपेक्षा अधिक मानतील. फॉर्म्युला टूमध्ये लहान शर्यतीत पुढच्या मुलांची रांग उलटी लावतात, मुख्य शर्यतीत तशी सवलत नसते. टायरही मध्येच बदलावे लागतात, म्हणजे डोके आणि धीर दोन्ही लागतात. त्याच २०२२ साली मॅक्लॅरेन संघाने सिल्व्हरस्टोन येथे त्याला फॉर्म्युला वनची गाडी चाचणीसाठी दिली. शिडीच्या वरच्या पायरीला त्याचा हात लागला तो एवढाच. २०२३ साली फॉर्म्युला टूमधला त्याचा चौथा हंगाम झाला. त्यानंतर २०२३-२४ च्या हंगामात विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या जागतिक मालिकेत, फॉर्म्युला ईमध्ये, तो माझेराती संघातर्फे धावला. ही मालिकाही जागतिक अजिंक्यपदाचीच आहे, हे विसरू नये.

मग जेहान अपयशी ठरला काय? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर फार घाईने दिले जाते. परीक्षेत पहिला आला नाही तो नापास, अशी आपली रीत. म्हणून थोडा हिशेब मांडून पाहू. २०२५ सालापर्यंत फॉर्म्युला वनमध्ये दहा संघ होते, म्हणजे सबंध जगासाठी वीस जागा. २०२६ पासून अकरावा संघ आल्याने त्या बावीस झाल्या. त्यांतल्याही बहुतेक जागा आधीच भरलेल्या असतात. एखाद्या वर्षी एकच मोकळी होते, एखाद्या वर्षी एकही नाही. २०१९ च्या फॉर्म्युला थ्रीची क्रमवारी पुन्हा डोळ्यांपुढे आणा. पहिला श्वार्त्झमन, दुसरा आर्मस्ट्राँग, तिसरा जेहान. या तिघांपैकी एकालाही फॉर्म्युला वनच्या शर्यतीत जागा मिळाली नाही. पहिले दोघे पुढे अमेरिकेच्या इंडीकार शर्यतींकडे वळले. आणि त्या वर्षी नववा कोण होता? युकी त्सुनोदा!

नववा वर गेला आणि पहिले तीन खाली राहिले, हे वाचून कोणी म्हणेल, की म्हणजे हा सगळा वशिल्याचा मामला. तसेही नाही. त्सुनोदाने पुढच्याच वर्षी त्याच गाडीत बसून जेहानपेक्षा कितीतरी चांगली कामगिरी केली. ते श्रेय त्याचेच आहे. परंतु त्याच्या पाठीशी आणखी एक गोष्ट होती. जपानमध्ये होंडा कंपनीने सुझुका येथे शर्यतपटूंची शाळा चालवली आहे. त्सुनोदा त्या शाळेतून आला. होंडाने त्याला युरोपात पाठवले, आणि ज्या संघात त्याला फॉर्म्युला वनची जागा मिळाली त्याच्या गाड्यांना इंजिने होंडाचीच होती. म्हणजे त्याच्या बाबतीत शिडीची पहिली पायरी आणि शेवटची पायरी एकाच घराने बांधलेली होती. आपल्याकडची गोष्ट पाहा. ज्या फोर्स इंडियाने २०११ साली तीन मुले निवडली, तो संघ २०१८ साली कर्जापायी प्रशासकाच्या हाती गेला आणि नव्या मालकांकडे गेला. बुद्ध ट्रॅकवरची शर्यत २०११, २०१२, २०१३ अशी तीनच वर्षे झाली. मोटारशर्यत हा खेळ की करमणूक, आणि तिच्यावर कर कोणता, या वादात ती अडकली. पायरी बांधली, मुलगा तिच्यावर चढला, आणि मागाहून पायरीच काढून घेतली, असे झाले. जेहान पुढे चढत राहिला तो स्वतःच्या हिमतीवर आणि घरच्या ऐपतीवर.

ऐपतीचा प्रश्न टाळून या विषयावर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. फॉर्म्युला टूमधल्या एका हंगामाचा खर्च वीस ते तीस लाख युरोंच्या घरात सांगतात. आपल्या पैशात वीस-तीस कोटी रुपये, आणि तेही एका वर्षाचे. कार्टिंगही चैनीचेच आहे. टायर, इंजिनाची दुरुस्ती, प्रवास, प्रशिक्षकाचे मानधन. कापसाच्या भावावर ज्याचे वर्ष अवलंबून आहे त्या घरातल्या मुलाला हे आकडे परग्रहावरचे वाटतील. मग त्याने या वाटेकडे पाहूच नये काय?

याचे उत्तर देण्यासाठी दोन उदाहरणे सांगतो. पहिले मायकेल शूमाकरचे. हा सात वेळा जगज्जेता झाला. जर्मनीतील केर्पेन हे त्याचे गाव. तो मुलूख कोळशाच्या खाणींचा. आपल्या वणीकडच्या माणसाला तेथे ओळखीचेच वाटेल. त्याचे वडील गवंडीकाम करीत. मुलगा चार वर्षांचा असताना त्यांनी त्याच्या पायडलच्या खेळण्याला एक लहानसे इंजिन बसवून दिले. पुढे गावच्या कार्टिंग ट्रॅकची देखभाल ते पाहू लागले. मुलगा त्या ट्रॅकवरच वाढला. घरात पैसा नव्हता. पण पहिली पायरी दाराशी होती. दुसरे उदाहरण इंग्लंडच्या लुईस हॅमिल्टनचे. आठव्या वर्षी तो कार्टमध्ये बसला. त्याच्या वडिलांनी मुलाच्या शर्यतींसाठी एकाच वेळी अनेक नोकऱ्या केल्या. १९९८ साली मॅक्लॅरेन संघाने तेरा वर्षांच्या त्या पोराला आपल्या छत्राखाली घेतले, आणि २००७ साली तो फॉर्म्युला वनमध्ये उतरला. त्यानेही सात वेळा जगज्जेतेपद मिळवले. दोघांचे गुण असामान्य होते यात शंका नाही. पण ते गुण कोणाच्या दृष्टीला पडले, कारण पाहणाऱ्यासमोर ते दाखवण्याची जागा गावात होती आणि हेरणारे डोळे तेथे येत होते.

गुण सगळीकडे सारखेच जन्माला येतात, असे माझे मत आहे. शिडीची पहिली पायरी मात्र सगळीकडे नसते. आपल्याच देशात पाहा. फॉर्म्युला वनमध्ये आजवर दोनच भारतीय धावले. कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ साली, आणि चेन्नईचा करुण चंडोक २०१० साली. दोघेही तमिळनाडूचे, हा योगायोग नव्हे. मद्रासजवळ शोलावरम येथे १९५० नंतरच्या दशकापासून शर्यती होत असत. १९९० साली श्रीपेरुंबुदूरजवळ कायमचा ट्रॅक झाला. कोइमतूरलाही पुढे एक ट्रॅक झाला. जेथे ट्रॅक, तेथे मेकॅनिक. जेथे मेकॅनिक, तेथे मोटारींची हौस असलेली मुले. महाराष्ट्रातही कोल्हापूरला मोहिते मंडळींनी कार्टिंगचा ट्रॅक उभारला, आणि कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन धावला. आणि वाट अजून बुजलेली नाही. २०२५ साली मोनॅको येथे फॉर्म्युला टूची लहान शर्यत बंगळूरच्या कुश मैनीने जिंकली. अर्जुन मैनीचा हा धाकटा भाऊ. तेथे जिंकणारा तो पहिला भारतीय.

झरी जामणीला ट्रॅक बांधावा, असे मी म्हणणार नाही. ती थट्टा ठरेल. येथे अजून पुष्कळ गोष्टी त्याच्याआधी यायच्या आहेत. परंतु शर्यतीची गाडी एकटा चालवणारा पळवीत नाही. एका गाडीमागे इंजिन जाणणारे, टायरची नस ओळखणारे, वेळेचे आकडे वाचणारे, सांगाडा जोडणारे असे कितीतरी हात असतात. आपल्या भागात ट्रॅक्टर आणि मोटारसायकली खोलून पुन्हा जोडणारी, आवाजावरून बिघाड ओळखणारी पोरे प्रत्येक मोठ्या गावात आहेत. त्यांची विद्या कागदावर नाही, म्हणून ती विद्या नाही असे आपण धरून चालतो. आयटीआयमधून, तंत्रनिकेतनातून या पोरांना पुढचा रस्ता दाखवला, तर शिडीच्या एखाद्या पायरीशी त्यांचाही हात पोहोचेल. अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी आज स्वतः लहान शर्यतीच्या गाड्या बनवून देशभरच्या स्पर्धांत उतरवतात. ही पायरी वीस कोटींची नाही. आणि मुलगा ज्या कशात चपळ दिसतो त्यात त्याला वेळेवर हेरणे, एवढे काम तर शाळेतल्या मास्तरांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना पैशावाचूनही करता येते.

शेवटी एक गोष्ट तरुण वाचकांना सांगितली पाहिजे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वेगाची हौस पुरवायला आपल्याकडे ट्रॅक नाही, पण डांबरी रस्ता आहे आणि हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल आहे. वणी-मुकुटबनच्या किंवा पांढरकवड्याच्या रस्त्यावर, डोक्याला काही न घालता, कोळशाच्या ट्रकांमधून गाडी घुसवणारा मुलगा स्वतःला शर्यतपटू समजतो. त्याने जेहानची शाळा एकदा नीट पाहावी. शर्यतीच्या ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने धावतात. समोरून बैलगाडी येत नाही, कडेला शाळेतली पोरे चालत नाहीत. चालवणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण, अंगाला न जळणारे कपडे आणि सहा ठिकाणी आवळलेला पट्टा असतो. २०१८ पासून फॉर्म्युला वन आणि टूच्या गाड्यांवर डोके वाचवणारे धातूचे कडेही आले. पिवळे निशाण दिसले की जगज्जेत्यालाही वेग कमी करावा लागतो आणि पुढच्याला ओलांडता येत नाही. लाल निशाण दिसले की शर्यतच थांबते. निशाण मोडणाऱ्याला, तो कोणीही असो, दंड होतो. तासाला तीनशे किलोमीटर वेगाने जाणारा माणूस इतका नियमाने बांधलेला असतो, म्हणून तर तो संध्याकाळी सुखरूप घरी जातो. वेगात शौर्य आहेच. पण कार्टच्या शाळेतला पहिला धडा ब्रेकचा असतो.

जेहान दारूवाला सर्वांत वरच्या पायरीवर शर्यत धावला नाही. तो तिच्या लगतच्या पायरीपर्यंत गेला, तेथे चार हंगाम उभा राहिला, जिंकला, हरला, आणि मग दुसऱ्या वाटेने पुढे गेला. जगातील हजारो मुले कार्टमध्ये बसतात. त्यांतली बोटांवर मोजण्याइतकीच तेथवर जातात. त्याच्यामागून येणाऱ्या भारतीय मुलाला आता एवढे तरी ठाऊक आहे, की ती पायरी आपल्या माणसाच्या पायाखाली येऊ शकते. उरलेली एक पायरी मुलाच्या कर्तबगारीइतकीच आपल्या संस्थांच्या, उद्योगांच्या आणि सरकारच्या चिकाटीवर अवलंबून आहे. गोऱ्हा कितीही चपळ असला तरी त्याला वर्षानुवर्षे खुराक देणारा धनी लागतो, हे पटाच्या मुलखातल्या लोकांना मी अधिक काय सांगणार?